सुरतेच्या पत्रांतील खांदेरी

गेल्या भाद्रपदात एका दिवाणी दाव्याच्या कामासाठी सुरतेस जावे लागले. तेथील मराठी व कोंकणी मंडळींचा गणेशोत्सव चालू होता आणि वकील मनुष्य गावात आला आहे असे कळताच त्यांनी, आपल्याकडील रीतीप्रमाणे, त्याच्या गळ्यात एक व्याख्यान घातले. विषय ‘शिवकालीन आरमार’. मी जे सर्वांनी ऐकलेले असते तेच थोडे नीटनेटके करून सांगितले. सिंधुदुर्गाचा पाया, जंजिऱ्याचा वेढा, खांदेरीची लढाई. टाळ्या झाल्या, आरती झाली, आणि प्रसादाचे पान हातात घेऊन उभा असता एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. कारवारकडचे, उमेदीची वर्षे नौदलात काढलेली. त्यातलीही काही वर्षे ‘खांदेरी’ नावाच्याच पाणबुडीवर, म्हणजे १९६८ साली आपल्या नौदलात दाखल झालेल्या पहिल्या ‘खांदेरी’वर. ते म्हणाले, “वकीलसाहेब, ज्या नावाखाली मी नोकरी केली त्या बेटावर पहिल्यांदा उतरलेल्या माणसांविषयी तुम्ही सांगितलंत. पण एक सांगितलं नाहीत.” आणि मग आपल्या भाषेत विचारले, “ताणीं थंय कितें खालें? उदक खंयचें पियेलें?”

मी निरुत्तर झालो. व्याख्यानात मी शौर्य सांगितले होते. या माणसाने शिधा आणि पाणी विचारले. खलाशाचा प्रश्न तो. त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत पडल्यापडल्या माझ्या ध्यानात आले की, मी जे काही बोललो ते कोणाच्या साक्षीवर बोललो, हेच मी स्वतःला कधी विचारले नव्हते. न्यायालयात असा पुरावा मी प्रतिपक्षाच्या वकिलाला पाच मिनिटेही टिकू दिला नसता.

पुढील काही महिने ज्या शोधात गेले त्याचा हा वृत्तांत आहे.

प्रथम प्रसंग थोडक्यात सांगतो. मुंबई बंदराच्या तोंडापासून दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर दोन लहान बेटे आहेत: समुद्राच्या बाजूस खांदेरी, किनाऱ्याच्या बाजूस उंदेरी. शिवाजीमहाराजांनी खांदेरीवर तटबंदी करण्याचा प्रयत्न १६७२ मध्ये एकदा केला होता. इंग्रज व सिद्दी या दोघांनी मिळून तो होऊ दिला नाही. ऑगस्ट १६७९ मध्ये, पावसाळा पुरता उतरण्याच्या आत, मायनाक भंडारी हा महाराजांचा आरमारी सरदार सुमारे दीडशे माणसे व चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि होड्या लागू शकतील अशा जागी मातीदगडाचे बांध घालू लागला. इंग्रजांनी आधी निरोप पाठवला, मग होड्या, मग सारे आरमार. १८ ऑक्टोबरला समुद्रावर मोठी लढाई झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस सिद्दीचे आरमारही इंग्रजांना येऊन मिळाले. पण बेट सुटले नाही. जानेवारी १६८० मध्ये इंग्रज निघून गेले आणि खांदेरी मराठ्यांची ती मराठ्यांचीच राहिली.

आता प्रश्न असा की, हे आपल्याला कोणी सांगितले?

मायनाकाने स्वतः लिहिलेला किंवा कोणाला सांगितलेला लढाईचा वृत्तांत आपल्यापाशी नाही. सभासदाने १६९४ मध्ये जिंजीस बसून लिहिलेल्या बखरीत दर्यासारंग व मायनाक भंडारी ही दोन नावे येतात, आरमाराची मोजदाद येते. खांदेरीच्या त्या पाच महिन्यांतला एकही दिवस येत नाही. आपण या बेटासंबंधी तारीखवार जे सांगतो ते जवळजवळ सारे शत्रूच्या लेखणीतून आलेले आहे. आणि ती लेखणी जिथे शेवटी टेकली ते गाव सुरत.

हे सुरतेचे प्रकरण वाचकांपुढे जरा नीट मांडले पाहिजे, कारण आपल्या मनात सुरत म्हटले की १६६४ आणि १६७० च्या दोन स्वाऱ्या एवढेच उभे राहते. त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीचे पश्चिम किनाऱ्यावरील मुख्य ठाणे मुंबई नव्हते. ते तापीच्या काठी सुरतेस होते आणि १६८७ पर्यंत तेथेच राहिले. मुंबईचा डेप्युटी गव्हर्नर हा सुरतेच्या प्रेसिडेंटाचा ताबेदार. १६७९ मध्ये त्या गादीवर टॉमस रोल्ट होता. मुंबईने एक मचवा भाड्याने घेतला तरी त्याचा हिशेब सुरतेस जाई. लढाई करावी की नाही याची परवानगी तर तेथूनच यायची. म्हणून खांदेरीसमोर नांगर टाकून बसलेला कप्तान मुंबईस लिहितो, मुंबईवाले ते वाचून सुरतेस लिहितात, सुरतेहून लंडनला जाते, आणि प्रत्येक ठिकाणी कारकून नकलबुकात नक्कल उतरतो. हिशेबी व्यापाऱ्यांच्या या सवयीमुळे आपल्या एका भंडारी सरदाराचे पाच महिने वाचले.

सुरतेचा दुसरा धागा सिद्दीचा. तो मोगलांचा आरमारी चाकर, आणि त्याच्या आरमाराचा खर्च सुरतेच्या उत्पन्नातून चाले. सुरतेच्या जकातीवर पोसलेली ती गलबते पावसाळ्यात मुंबईस माझगावाशी आश्रय घेत आणि उघडीप होताच कोकण किनाऱ्यावरची गावे जाळीत, माणसे धरून नेत. खांदेरी कशासाठी हवी होती हे सांगण्यास अधिक शब्दांची गरज नाही. मुंबई बंदरातून बाहेर पडणारे प्रत्येक शीड त्या बेटावरून दिसते.

ही पत्रे आज दुर्मिळ राहिलेली नाहीत. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ हा संग्रह काढला, त्यात या प्रकरणातील पुष्कळ कागद छापलेले आहेत. मी ते पूर्वी चाळले होते. या वेळी साक्षीपुराव्याची फाइल वाचावी तसे वाचले. १८७२ चा पुरावा कायदा १ जुलै २०२४ पासून गेला व त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण नव्या कायद्यानेही जुनी दोन तत्त्वे सोडलेली नाहीत. एक, पाहिलेल्या गोष्टीची साक्ष पाहणाऱ्यानेच द्यावी. दुसरे, स्वतःच्या हिताविरुद्ध मनुष्य जे कबूल करतो त्याला वजन असते.

या दृष्टीने पाहता साक्षीदार एका पायरीचे नाहीत. सुरतेहून लंडनला गेलेले पत्र कितीही ऐसपैस असले तरी ती ऐकीव गोष्ट. मुंबईचे पत्र त्याहून जवळचे, तरी किनाऱ्यावरून लिहिलेले. खरे प्रत्यक्षदर्शी म्हणजे ‘रिव्हेंज’ या फ्रिगेटीवर असलेले कप्तान विल्यम मिंचिन आणि रिचर्ड केग्विन. पैकी केग्विन हा मुरलेला दर्यावर्दी होता. १६७३ मध्ये डचांकडून सेंट हेलेना बेट परत घेण्याच्या कामात तो पुढे होता. १६८३ मध्ये याच मनुष्याने मुंबईत कंपनीविरुद्ध बंड करून जवळजवळ वर्षभर कारभार हाती घेतला आणि संभाजीमहाराजांशी तह केला. १६९० मध्ये वेस्ट इंडीजमधील एका बेटावर हल्ला करताना तो मारला गेला. बेटे घेण्याचा अनुभव त्याच्याइतका त्या किनाऱ्यावर क्वचितच कोणास असेल. अशा माणसाने खांदेरी घेता येत नाही असे कळवले तर ते कळवणे साधे नव्हे. मात्र तो वरिष्ठांकडे माणसे, दारूगोळा व पैसा मागत होता हेही विसरता कामा नये. मदत मागणारा कप्तान समोरचा शत्रू थोडा मोठाच पाहतो.

सप्टेंबरच्या आरंभी एक कनिष्ठ अधिकारी तीन शिबाडांसह बेटापाशी गेला. बेट सोडा, ते आमच्या राजाचे आहे, असे त्याने सांगितले. उत्तर आले की, धन्याच्या हुकुमावाचून आम्ही हलणार नाही. मायनाकाच्या माणसांचे आपल्यापर्यंत पोचलेले उत्तर ते एवढेच, आणि तेही इंग्रजीत. मूळ शब्द कोणते होते कोण जाणे. पण त्यात फुशारकी नाही, धमकी नाही, हे मला लक्षणीय वाटते. फुशारकी असती तर इंग्रजांनी ती अगत्याने नोंदली असती. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने उतरण्याचा प्रयत्न केला. बेटावरून मारा झाला. तो व त्याची काही माणसे मेली, काही पकडली गेली. महिन्याभरात दीडशे माणसांनी आपले बांध एवढे पुरे केले होते की सशस्त्र होडीला त्यांनी पाय टेकू दिला नाही. हे मराठी बखरकार सांगता तर मी राखून ठेवले असते. ज्यांचा अधिकारी पडला तेच सांगतात म्हणून ते घ्यावयास हरकत नाही.

आता १८ ऑक्टोबरचा दिवस. या दिवसासंबंधी आपल्या भाषणांतून जे ऐकू येते ते, स्पष्ट बोलायचे तर, अर्धेच असते. आणि जुन्या इंग्रज ग्रंथकारांनी लिहिले आहे तेही दुसरे अर्धेच.

पत्रांवरून दिसते ते असे. इंग्रजांची आठ जहाजे बेटाभोवती होती. पहाट फुटता दौलतखानाच्या हाताखालील मराठी आरमार चौलच्या बाजूने निघून किनाऱ्याकडून चालून आले. किती गलबते होती? कोणी चाळीस म्हणतो, कोणी पन्नास, कोणी साठ. मला ही तफावत अस्वस्थ करीत नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात, पाण्याच्या पातळीपासून फारशा उंच नसलेल्या डेकवरून, एकामागे एक लपणारी शिडे मोजणाऱ्या तीन साक्षीदारांचे आकडे तंतोतंत जुळले असते तर मी त्यांना पढवलेले साक्षीदार म्हटले असते. मराठे नाळेवरच्या तोफा डागीत इतक्या वेगाने आले की इंग्रजांना नांगर उचलण्यासही जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ ही गुराब, सार्जंट मॉलेव्हरर व त्याच्या शिपायांसह, निशाण उतरवून मराठ्यांच्या हाती गेली. हे कैदी पुढे सागरगडावर ठेवण्यात आले. इंग्रजांच्या इतर लहान नौकांनी पाठ फिरवली. राहिली एकटी ‘रिव्हेंज’.

येथून पुढचे आपण बहुधा सांगत नाही. ‘रिव्हेंज’ पळाली नाही. चहूकडून वेढलेली असता ती तोफा चालवीत राहिली, पाच गलबते तिने बुडवली, आणि अखेर मराठी आरमार फिरले व नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत तिने त्याचा पाठलाग केला. दोन दिवसांनी ते पुन्हा बाहेर आले आणि इंग्रज पुढे सरकताच परत गेले. ‘पाच’ हा आकडा एकाच पक्षाच्या तोंडचा आहे, म्हणून त्यावर मी शपथ घेणार नाही. पण पाठलागाची हकीकत टाकून देण्यास मला कारण दिसत नाही. आपल्याच लहान नौका पळाल्याचे जे पत्र कबूल करते, तेच पत्र त्या दिवशी शत्रूही फिरल्याचे सांगते. पहिले सोयीचे म्हणून घ्यायचे आणि दुसरे गैरसोयीचे म्हणून गाळायचे, हा साक्ष वाचण्याचा प्रकार नव्हे. त्या बुडालेल्या गलबतांवर आपली माणसे होती. भंडारी, कोळी, खारवी, मुसलमान तांडेल. त्यांची नावे कोणत्याच दप्तरात नाहीत, आणि विजयाच्या भाषणात त्यांना जागाच ठेवली नाही तर ती दुसऱ्यांदा बुडतात.

जदुनाथ सरकारांनी या प्रसंगावरून असा निष्कर्ष काढला की, तोफांच्या लढाईत पन्नास सडपातळ, उघड्या नौका एका भक्कम युरोपीय जहाजाशी बरोबरी करू शकत नाहीत. सरकारांचा अधिकार मोठा, आणि त्या एका सकाळीपुरते ते खरेही असेल. परंतु त्या नौका बांधल्या होत्या कशासाठी? यापुढची पत्रे वाचली की चित्र पालटते. इंग्रजांची तक्रार पुनःपुन्हा एकच: रात्री थळच्या बाजूने मराठ्यांच्या होड्या निघतात आणि आमच्या पहाऱ्यातून बेटावर जातात. त्या होड्या आमच्यापेक्षा चपळ आहेत, उथळ पाण्यातून जातात, वारा पडला तरी वल्ह्यांवर चालतात; आमची जड शिबाडे त्यांना गाठू शकत नाहीत. पगारी कप्तान आपल्या मालकाला हे लिहितो आहे, की ज्या कामासाठी तुम्ही मला येथे ठेवले ते मला जमत नाही. याहून वजनदार कबुली न्यायालयात क्वचितच मिळते.

आणि येथे मला त्या वृद्ध खलाशाचे उत्तर सापडले. त्यांनी काय खाल्ले? पहाऱ्यातून रात्री आलेला शिधा खाल्ला. दीडशे माणसांचा प्राण १८ ऑक्टोबरच्या तोफांवर नव्हता. तो रोज रात्री थळहून सुटणाऱ्या, कोणत्याही इतिहासात नाव नसलेल्या होडकरांच्या हातात होता.

या शिध्याची महाराजांना किती काळजी असे याचा मात्र अस्सल मराठी पुरावा आहे. जानेवारी १६७५ मध्ये प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला गेलेले पत्र बहुतेकांच्या ऐकण्यात असेल. पद्मदुर्गाच्या कामावरील आरमाराला पैका व धान्य पोचवण्यात त्याने कुचराई केली. त्यावर महाराजांनी त्याची अशी काही हजेरी घेतली आहे की, तीनशेहून अधिक वर्षांनी वाचतानाही सरकारी नोकराच्या अंगावर काटा यावा. तो जातीने ब्राह्मण म्हणून गय होणार नाही हेही त्यात स्वच्छ बजावले आहे. ते पत्र आपण स्वभावाचा मासला म्हणून उद्धृत करतो. मला आता ते खांदेरीची पूर्वपीठिका वाटते. पद्मदुर्गावर जे चुकले ते साडेचार वर्षांनी थळच्या किनाऱ्यावर चुकू दिलेले नाही.

सुरतेच्या कौन्सिलला दारूगोळ्यापेक्षा खर्चवहीची धास्ती अधिक होती. याच इंग्रजांनी पाच वर्षांपूर्वी, राज्याभिषेकाच्या वेळी, रायगडावर हेन्री ऑक्झिंडनला पाठवून तह पदरात पाडून घेतला होता. महाराजांच्या मुलखातला व्यापार त्यांना गमवायचा नव्हता. महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे फौज हलवताच मुंबईचा जीव खालीवर झाला. सुरतेहून सल्ला आला तो असा, की मान राखून यातून बाहेर पडा. समेट करा, नाहीतर हे ओझे सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्या गळ्यात घाला. सिद्दी चौतीस जहाजे घेऊन आला तेव्हा इंग्रजांना दुसरीच शंका येऊ लागली: बेट पडलेच तर ते हा आपल्याला देईल की स्वतः बळकावील? शंका रास्त होती. ९ जानेवारी १६८० रोजी त्याने शेजारचे उंदेरी बेट घेतले आणि तेथे स्वतःच तटबंदी सुरू केली. त्या महिन्याच्या अखेरीस दौलतखानाने उंदेरीवर हल्ला केला. तो परतवला गेला, मराठ्यांची मोठी हानी झाली, आणि खुद्द दौलतखान पायाला जखमी झाला. यानंतर दोन महिने आणि काही दिवसांनी, ३ एप्रिल १६८० रोजी महाराज निवर्तले. एक बेट आपले, समोरचे शत्रूचे, असा तो हिशेब त्यांच्या हयातीत मिटला नाही.

एक गोष्ट आमच्या वकिली मंडळींसाठी. या पत्रांतील तारखा इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाच्या आहेत. आजच्या पंचांगाने त्या दहा दिवस पुढे सरकतात. १८ ऑक्टोबर म्हणजे आजचा २८ ऑक्टोबर. वर्षदिन पाळणाऱ्यांनी कोणताही पाळावा, पण दोन्ही पाळून भांडू नये.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरी आहे. बेटावर वेताळाचे देऊळ आहे व किनाऱ्यावरचे कोळी त्याला मानतात. मायनाकाची माणसे तेथे रात्री कोणाचे नाव घेत असतील याची कल्पना येण्यास आपल्यासारख्या देवळाच्या छायेत वाढलेल्यांना कागदाची जरूर नाही. मी ती कल्पना मात्र पुराव्यात धरीत नाही.

दाव्याच्या पुढील तारखेस सुरतेस गेलो तेव्हा सर्व टिपणे बरोबर घेतली. कोर्टाचे काम सकाळीच आटोपले. कतारगामला ऑक्झिंडन बंधूंची ती घुमटांची भली थोरली कबर आहे. ती बाहेरून पाहिली. व्यापाऱ्यांची असून राजेरजवाड्यांना लाजवील अशी. मग त्या वृद्ध गृहस्थांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून १८ ऑक्टोबरचा वृत्तांत दोनदा वाचून घेतला आणि विचारले, “पहाटे म्हणता ना? चौलच्या बाजूने?” मी होय म्हणालो.

“मग यात नवल काय! पावसाळा सरल्यावर पहाटे तिथे मतलई वारा असतो, जमिनीवरून दर्याकडे. तोही मंद. तेवढ्यात सडपातळ होडी शीड आणि वल्ही दोन्ही चालवून धावते, पण फ्रिगेटीसारखं धूड हलत नाही. म्हणून यांना नांगर उचलायला वेळ मिळाला नाही. दिवस वर आला, वाऱ्यानं जोर धरला, की त्या धुडाला चाल येते. मग त्याच्या तोफा बोलणार. दौलतखानाला हे ठाऊक असणारच. म्हणून तर तो पहाटे आला. अर्ध्या तासात जेवढं साधेल तेवढं त्यानं साधलं.”

कोणत्याही पत्रात वाऱ्याचा हा खुलासा मी वाचलेला नव्हता. इंग्रजांनी वेग नोंदला, त्याचे कारण नोंदले नाही. आणि मी महिनोन्महिने साक्षी तपासून मला ते सुचले नव्हते. तज्ज्ञाचे मत म्हणून मी ते टिपून घेतले. पाण्याचे मात्र त्यांना अजून समाधान नव्हते. रोज रात्री पिंपे भरून नेणे म्हणजे केवढे ओझे, ते म्हणाले, आणि भरलेली होडी किती खोल बसते. ओहोटीला थळच्या खडकांतून ती काढायची तर माणूस तिथलाच पाहिजे. मग त्यांनी माझ्याकडून नकाशा मागून घेतला, टेबलावर पसरला, आणि थळ ते खांदेरी या अंतरावर बोट ठेवून भरती-ओहोटीच्या वेळा मोजू लागले.